बर्फवाले वसंतअण्णा

लॅबच्या दारात कुणीही आलं की वसंतअण्णा आधी त्याच्या हाताकडे बघतात आणि ओरडतात, "बर्फ एल्ली?" म्हणजे बर्फ कुठाय? दाजीबानपेठेतले एक कापडवाले मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते, त्यांनाही हेच. ते बिचारे पत्रिका टेबलावर टाकून उलट्या पावली गेले. लग्नाला आम्ही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

कोप्पीकर रोडवरच्या या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते आणि अण्णा रक्त तपासतात. सात वर्षं मी हा माणूस सोसते आहे. मालक डॉक्टर वेगळेच, पण दरारा अण्णांचा. फ्रीजमध्ये माझा डबा दिसला की तो व्हरांड्यात जातो. परवा एका मुलाचा पीटीएचचा रिपोर्ट मी टाइप केला, शेजारी 'नॉर्मल'चा छापील आकडा होताच. अण्णांनी त्यावर लाल पेनाने अशी रेघ ओढली की कागद फाटला.

"हा आकडा मोठ्या माणसांचा, बाई! किडनीच्या पोरांना कसा लागेल? डोकं आहे की कलिंगड?"

कलिंगड म्हणे! मी तो कागद त्यांच्यासमोर चुरगाळला आणि दात-ओठ खात दुसरा टाइप केला.

हे पीटीएच म्हणजे गळ्यातल्या चार बारीक ग्रंथींचं हार्मोन. अण्णा त्याला 'हाडचोर' म्हणतात. मूत्रपिंड निकामी होत गेलं की ते रक्तात वाढतं आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतं. मुलांचे पाय वाकतात, उंची खुंटते. ते मोजायचं तर रक्त बर्फातून आणायला हवं. तापलं तर हार्मोन विरतं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. हे मला तोंडपाठ आहे, कारण अण्णा दिवसातून दहा वेळा ते ओरडून सांगतात.

गेल्या सोमवारी अळणावरच्या बाजूच्या खेड्यातून एक बाई आल्या. सोबत मुलगी सानिका, वय अकरा, दिसायला सहाची. रक्त हॉस्पिटलात काढलं होतं. आकडा बघून डॉक्टर त्याच दिवशी तिच्या औषधाचा डोस ठरवणार होते. बाईंनी पदराआडून रक्ताची नळी काढली.

"बर्फ एल्ली?"

"दिलता की हो डब्यात. मीच टाकून दिला. पोरगी आधीच गारठल्याली, तिचं रक्त आणि बर्फात कशाला? छातीशी धरून आणलं."

अण्णा लालबुंद. "वाटोळं केलंत! काही उपयोग नाही ह्याचा! परत टोचायला पाहिजे आता!"

सानिकाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. सुयांनी काळेनिळे झालेले हात. आईचे डोळे भरून आले, आणि माझा सात वर्षांचा राग एकदम उसळला.

"अण्णा, बास! कुणावर ओरडताय ते तरी बघा! माणूस आहात की मशीन?"

अण्णा गुडघे मोडून सानिकासमोर बसले.

"तंगी," ते म्हणाले. कन्नडात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "एकदाच टोचतो. चुकलो तर माझा कान पिळ."

तिने बराच वेळ विचार केला. मग एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने अण्णांचा कान आगाऊच धरून ठेवला. सुई पहिल्या झटक्यात लागली. नळी बर्फात जाईपर्यंत तिने कान सोडला नाही.

मायलेकी गेल्या तरी मी धुमसतच होते. "एवढं गोड बोलता येतं, तर त्या आईवर कशाला ओरडलात?"

अण्णांनी तळहात टेबलाच्या उंचीला धरला.

"माझी तंगी एवढी होती. एकोणिसाव्या वर्षी."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तिचं रक्त मीच नेलं होतं. भर उन्हात सायकलवरून, शर्टाच्या खिशात. नळी फुटू नये म्हणून खिशावर एक हात धरून."

"मग?"

"रिपोर्ट चांगला आला," अण्णा म्हणाले. "आम्ही गल्लीभर पेढे वाटले."