सुरीला लिंबू

पनवेलच्या महिला मंडळांच्या नाट्यस्पर्धेत दमयंतीबाईंना लागोपाठ तीन वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. तिन्ही प्रशस्तिपत्रकं कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली. यंदा पहिलं बक्षीस आणायचंच, या हट्टाने त्यांनी लग्नाचं नाटक बसवलं आणि खोटे दागिने बायकांना लांबूनही ओळखू येतात म्हणून सगळ्यांना घरचं सोनं घालायला लावलं. हे शहाणपण अंगाशी यायचं होतं.

नियम कडक होता, मध्येच पडदा पडला की नाटक बाद. दुपारी प्रयोग छान रंगला. वधूची आई दमयंतीबाई, वधूचा भाऊ मासळीबाजारातल्या ठमाबाई. नवरदेव झालेली माधुरी आता येणार, तेवढ्यात आतून किंकाळी आली आणि स्टेजवर भलताच बाप्या शिरला. सोन्याच्या वासाने मागच्या दारातून आलेला चोर माधुरीच्या ओरडण्याने बिचकला आणि बाहेर पळायचं सोडून उजेडात आला. हातात वीतभर सुरी.

दमयंतीबाईंनी सुरी पाहिली. पण विंगेतल्या स्नेहाचा हात पडद्याच्या दोरीकडे जाताना दिसला, आणि खरं सांगायचं तर त्यांना सुरीपेक्षा त्या दोरीचीच धडकी भरली.

"आलात का जावईबापू," त्या म्हणाल्या. "अहो, नवरदेवाच्या सुरीला लिंबू नको? दृष्ट लागेल ना."

ताटातलं लिंबू उचलून त्यांनी थरथरत्या हातांनी सुरीच्या टोकात खुपसलं. प्रेक्षक खूश. दोनशे बायका मोबाइल रोखून बसलेल्या, आता लिंबू लावलेली सुरी दाखवून दरडावायचं तरी कुणाला? चोर मुकाट पाटावर बसला.

मग दमयंतीबाईंनी कानपिळी काढली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, ही आपली रीतच. ठमाबाईंनी सुरमई उचलणाऱ्या हाताने जो कान धरला, तो सोडलाच नाही. सुरी गळून पडली. नवरी झालेल्या भाविकाने ती हळूच पायाने शालूखाली ओढली. माधुरीने आतून फोन करून बोलावलेले पोलीस मागच्या दाराशी येईपर्यंत मंगलाष्टकं चालली, आणि पडदा वेळेवर पडला.

संध्याकाळी परीक्षक चारुदत्त सरांनी निकाल वाचला. अभिनयाचं पहिलं बक्षीस नवरदेवाला.

"चेहऱ्यावरची इतकी खरी भीती मी आजवर पाहिली नाही. सासूबाई मात्र उगाच थरथरत होत्या. नाटकाला उत्तेजनार्थ."

आता बोला. विजेता पोलीस ठाण्यात, त्यामुळे बक्षीस घ्यायला कुणी उठलं नाही. दमयंतीबाईंचे डोळे भरून आले. ठमाबाई त्यांच्याकडे सरकल्या.

"बाय, या सरांचा पन कान धरू काय?"

दमयंतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शांतपणे विचार केला.

"थांब. आधी प्रशस्तिपत्रक हातात पडू दे."