खोट्या शिपायांच्या खऱ्या भयाची बखर

प्रथम नमन गजाननास, दुसरे शारदेस, आणि तिसरे विजेच्या तारेस, की जी ऐन रणधुमाळीत दगा दे तर भल्याभल्या सेनापतींचे राज्य डोळ्याचे पाते लवते न लवते तो अंधारात बुडे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्ष, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी एका नामांकित दौलतीत जे अपूर्व रण जाहले, त्याचे वर्तमान जाणत्यांचे मुखे ऐकिले तैसे लिहिले असे. दौलतीस ना गड, ना कोट. एका इमारतीचा तिसरा मजला, खाली झेरॉक्सचे दुकान, वर पाण्याची टाकी, आणि मध्ये संगणक मांडिलेले, ज्यांचे पडद्यांवर नित्य राज्ये उभी राहात आणि नित्य बुडत. म्हणजे दौलत युद्धाचे खेळ घडविणारी. धनी श्रीमंत हेरंबराव सरकार. उदार, पदरच्या माणसांस पोटाशी धरून वागणारे, परंतु कानाचे अंमळ हलके, म्हणोन जो शेवटी भेटे त्याची मसलत खरी ठरे.

त्यांचे पदरी शाल्मलीबाई ढमढेरे म्हणोन कारभारीण होती. पडद्यावरील फौजेने कैसे चालावे, कैसे लढावे, कैसे मरावे, हा सर्व कारभार तिजकडे. बाई जात्या हट्टी, आणि हट्ट एकच, की लढाई दाखवावी तर खरी दाखवावी. इतर दौलतींच्या खेळांत रणगाडे मंडईतील हातगाड्यांप्रमाणे एकास एक खेटून चालत, आणि शिपाई छातीवर गोळी झेलून पुन्हा धावत, आणि बंदुकीतील काडतुसे द्रौपदीच्या थाळीसारखी कधी सरतच ना. बाईस हे पाहवेना. मग तिने पेन्शनीत निघालेल्या सुभेदार-हवालदारांचे उंबरे झिजविले, आणि हल्ल्यात माणूस किती धावतो, काय ऐकतो, काय पाहतो, हे खोदखोदून पुसिले. आणि ऐकून भागेना तेव्हा तांदळाचे पोते पाठीस बांधोन आपण स्वतः टेकडी चढू लागली, आणि अर्ध्या वाटेत बसकण मारून धापा टाकीत म्हणाली, "आपले शिपाई फार जोरात पळतात गं बाई. सोमवारी वेग कमी करायचा." मग एके दिवशी खड्ड्यात पालथी निजली, वर पत्रा घेतला, आणि सोबतच्या मंडळींस म्हणाली, "मारा खडे!" खडे पत्र्यावर ताडताड वाजू लागले. इजा काडीची होणार नाही हे बाईस पक्के ठाऊक, तरी मान वर काढवेना, हात उचलवेना, कोणी काय पुसिले ते कळेना. बाहेर आली तो तोंड मातीने माखलेले आणि मुद्रेवर आनंद मावेना. धन्य ती विद्या आणि धन्य ती विद्यार्थिनी! आम्ही जन्मात पुष्कळ शहाणे पाहिले, परंतु शहाणपणासाठी खड्ड्यात निजणारे थोडे.

तेथून येऊन बाईने दोन वर्षे खपोन खेळात भय घातले. ते ऐसे, की शत्रूची मशीनगन डोक्यावरून वाजू लागली म्हणजे पडद्यावरील शिपाई जमिनीस चिकटे आणि हुकूम ऐकेना. मग सोबत्यांनी उलट मारा करून शत्रूस मान खाली घालावयास लाविले, किंवा धुराचा आडोसा धरिला, तरच तो हळूहळू सावध होऊन पुढे सरके. आणि जवळचा सोबती जखमी पडला, तर भयातही कोणी एक हुकमावाचून त्यास ओढावयास निघे. आणि प्रत्येकाचे डोईवर त्याचे नाव लिहिले, शेळके, इमाम, अंतोन, नलावडे, की खेळणाराने कोणास कोठे धाडिले ते त्यास कळावे.

हे सर्व पराशरराव रणदिवे यांस मानवेना. नवा खेळ आधी आपण खेळून त्याची पारख करणे हे त्यांचे काम, आणि बहाद्दर ऐसे, की आजवर एकही टेकडी सोडिली नाही. डावपेच एकच. माऊस ओढून अवघी फौज एका चौकटीत घ्यावी, आणि शत्रूच्या माथ्यावर टिचकी मारावी, आणि चहा मागवावा. ही विद्या नव्या खेळात चालेना, तेव्हा हेडफोन आदळून उठले.

"शाल्मली, बग आहे हा! मी पुढं जा म्हणतोय आणि हे जमिनीला गोचिडासारखे चिकटलेत."

"बग नाहीये. घाबरलेत ते."

"कॉम्प्युटरमधली माणसं कशाला घाबरतील?"

"तुला घाबरलेत. तू त्यांना उघड्या माळावर उभं केलंयस."

मंडळी हसली, आणि पराशररावांचे नाकास मिरच्या झोंबल्या, आणि ते तडक सरकारांचे दालनात गेले. शेवटी भेटले ते हेच, म्हणोन यांची मसलत खरी ठरली. सरकारांनी बाईस बोलावून फर्माविले, "हे बघ, लोक दिवसभर ऑफिसात बोलणी खातात आणि घरी जिंकायला बसतात. शनिवारी सगळ्यांसमोर पराशर खेळेल. टेकडी घेतली तर तुझं ते भय राहील. नाही घेतली तर काढून टाक."

"पण सर, खेळणार तोच, ज्याला ते नकोय?"

"तो मुद्दाम हरेल असं वाटतं तुला?"

बाईने क्षणभर विचार केला. पराशररावांस मुद्दाम हरणे म्हणजे भर चौकात मिशा उतरविणे. "नाही," म्हणाली, आणि मुकाट्याने बाहेर आली. भय काढिले तरी खेळ राहील, परंतु आपण जे दोन वर्षे केले त्यातले काय राहील, या विचाराने तिला जेवण गोड लागेना.

शनिवारी दरबार भरला. सरकार खुर्चीत, मंडळी भोवती, पराशरराव पडद्यापुढे, आणि बाई त्यांचे पाठीशी उभी. या दौलतीचा शिरस्ता ऐसा, की परीक्षा चालू असता खेळ घडविणाराने पाठीशी उभे राहावे, आणि आकाश कोसळले तरी ब्र काढू नये, कारण गिऱ्हाइकाचे घरी पाठीशी कोणी उभे राहात नाही. मग रण सुरू जाहले. पराशररावांनी सवयीने अवघी फौज चौकटीत घेतली आणि माथ्यावर टिचकी मारिली. माथ्यावरून मशीनगन सुटली आणि अवघी फौज माळावर आडवी जाहली. मग त्यांनी धुराचे गोळे टाकिले, परंतु वारा कोणीकडचा हे पाहिले नाही, आणि धूर उलटोन आपल्याच लोकांचे डोळ्यांत गेला. बाईने ओठ दाताखाली दाबिला. मग एकुलता रणगाडा गल्लीत घातला, पुढे पायदळ न पाठविता, आणि गोठ्याचे खिडकीतून कोणी एक रॉकेट सोडिले, आणि रणगाडा तेथेच पेटला. बाईने तोंडावर हात धरिला, आणि सरकारांनी घड्याळ पाहिले.

तेव्हा पडद्याचे कोपऱ्यात एक शिपाई हुकमावाचून हलू लागला. पराशरराव ओरडले, "हा नलावडे कुठं निघाला? मी कुठं सांगितलं त्याला?" शिरस्त्याप्रमाणे कोणी उत्तर दिले नाही. नलावडे सरपटत माळावर गेला, जखमी इमामास खांद्याला धरिले, आणि तसूतसूने मागे ओढू लागला. गोळ्या त्याचे भोवती माती उडवीत होत्या. पराशररावांचा हात माऊसवर थबकला. मग खुर्ची पुढे ओढून स्वतःशीच बोलिले, "थांब रे बाबा. एकटा नको जाऊस." आणि जन्मात प्रथमच त्यांनी फौजेची चौकट मोडून तुकड्या वेगळ्या केल्या. एकीस माथ्यावर मारा करावयास लाविले, की शत्रूने मान काढू नये, आणि झाडाचे पान पाहून वारा ओळखिला, आणि या खेपेस धूर बरोबर मध्ये टाकिला, आणि त्या आडोशाने एकेकास ओढ्याचे पात्रात उतरविले. शेळके आणि अंतोन माळावरच राहिले. बाकीचे निघाले, आणि इमाम निघाला, आणि सर्वांचे शेवटी नलावडे निघाला. पराशररावांनी घाम पुसिला.

परंतु टेकडी शत्रूकडेच राहिली. सरकार म्हणाले, "ठरल्याप्रमाणे झालं. शाल्मली, काढ ते." बाईचे डोळे भरले, परंतु शब्द दिला तो दिला. स्वतःचे हाताने तिने भय बंद केले, जैसे आपल्या घराचे दार आपणच ओढून घ्यावे. मग सरकारांनी पराशररावांस म्हटले, "आता पहिल्यापासून खेळ बरं. बघू कसं वाटतं." पराशररावांनी जुनी विद्या काढिली. चौकट, टिचकी. फौज उभी धावत निघाली, छाती पुढे, कोणी वाकेना, कोणी थांबेना, कोणी मागे पाहेना, आणि चहा येण्याआधी टेकडीवर निशाण लागले. मंडळींनी टाळ्या पिटिल्या. सरकार म्हणाले, "याला म्हणतात खेळ!"

खेळ संपला, म्हणजे शिरस्त्याचे कुलूपही निघाले. बाईने हळूच पुसिले, "नलावडे कुठं आहे?"

"कोण?" पराशरराव बोलिले. मग माऊस फिरवून शोधू लागले. माथ्यावर पाहिले, तेथे नाही. चढावर पाहिले, नाही. शोधता शोधता खाली आले, आणि जेथून फौज निघाली होती तेथेच, पहिल्या पावलाशी, नलावडे पालथा सापडला. त्याचेवरून अवघी फौज धावत गेली होती.

"हा इथं कधी पडला?" पराशरराव म्हणाले. "मला दिसलाच नाही." आणि थोडे थांबून सरकारांकडे वळले. "सर, मघाशी शेळके पडला तो बांधाशी. अंतोन पडला त्या बोरीच्या झाडाखाली. ते मला माहितेय. आत्ता किती गेले, कोण गेले, काहीच माहीत नाही हो मला. हे असलं जिंकून काय करू?"

सरकार खुर्चीतून उठोन पडद्याजवळ आले आणि पालथा नलावडे पाहिला. आम्ही त्यांस कानाचे हलके म्हटले, परंतु मनाचे ते हलके नव्हते. म्हणाले, "शाल्मली, परत घाल ते. आणि यापुढं मी म्हटलं तरी काढू नकोस."

"आणि मला परत बसू दे," पराशरराव बोलिले.

मग तिसरे रण जाहले, त्याची तारीफ काय करावी! पराशररावांनी आधी ड्रोन उडवून मशीनगनेची जागा हेरिली, आणि तिजवर तोफा लाविल्या, आणि एक तुकडी मारा करी तो दुसरी सरके, दुसरी मारा करी तो पहिली सरके, ऐसे पाळीपाळीने ओढ्याचे पात्रातून बगलेस गेले, आणि शिपाई भ्याले तेथे त्यांस दम खाऊ दिला, आणि सावध जाहले तेव्हाच पुढे धाडिले. पाहणारांनी श्वास रोखिले. बाईस तर आपण काय घडविले ते त्या दिवशी प्रथम दिसले. टेकडी घेतली. परंतु शेवटच्या खंदकात नलावडे आधी उतरला, आणि तेथे कामास आला. मंडळी टाळ्या वाजवावयास लागली, तो पराशररावांनी हात वर करून थांबविले, आणि हेडफोन काढून खाली ठेविला. बाई शेजारी बसली.

येणेप्रमाणे भयाची स्थापना जाहली. पुढे हा खेळ बाजारात गेला, आणि उतावळ्यांनी नावे ठेविली, आणि जाणत्यांनी डोक्यावर घेतला, हे सर्वश्रुतच आहे. रणात पडले ते हवालदार नलावडे, गाव नाही, आईबाप नाहीत, जन्मलेच नव्हते. त्यांचे पश्चात पराशरराव रणदिवे, ज्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.