गडग्यापलीकडचा वळू

"पुन्हा तिथंच उभा आहेस?" ब्रीजनं नवऱ्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली. "चहाचं पाणी झालं!"

मॅलाकी हलला नाही. दगडी गडग्यावर कोपरं टेकून तो शेजारच्या फिंटनच्या कुरणातली वासरं बघत होता. सायीच्या रंगाची, पाटासारख्या रुंद पाठीची. बाजारात व्यापारी आधी त्यांच्याकडेच धावत. फिंटननं शारोले जातीचा तो पांढरा वळू आणल्यापासून तीन वर्षं मॅलाकीला अन्न गोड लागलं नव्हतं. त्याचा स्वतःचा वळू अँगस जातीचा; काळा, बुटका, गरीब स्वभावाचा. त्याची वासरं म्हणजे गवतात विसरलेल्या काळ्या उशा.

"नेलीला यंदा पांढरा वळू दाखवतो," तो घरात येऊन म्हणाला.

"फिंटनकडे मागणार?"

"मागेन कशाला? जीभ झडली तरी मागणार नाही."

"मग बरंच झालं. नेली पहिलारू आहे, अंगानं बारकी. तिची कंबर बघ नि त्या धुडाचं डोकं बघ. आणि लक्षात ठेव, ती माझ्या आईनं मला दिलेली गाय आहे. तिला काही झालं तर तू गोठ्यात झोपायचंस."

मे महिन्यातल्या एका रविवारी नेली माजावर आली, आणि नेमकी त्याच सकाळी मॅलाकीची पाठ धरली. त्या काळी आमच्या रॉसकॉमनकडे रविवारची प्रार्थना चुकवायची तर माणूस मरायला टेकलेला असावा लागे.

"वाकताच येत नाही गं," तो कण्हला.

सगळा गाव चर्चमध्ये गेल्यावर हा तरण्याताठ्या पोरासारखा वाकला, गडग्याचे चौदा दगड उतरवले आणि नेलीला पलीकडे नेलं. पांढऱ्या वळूनं आढेवेढे घेतले नाहीत. ब्रीज परतली तेव्हा चौदाही दगड जागेवर होते आणि मॅलाकी अंथरुणात.

आता दुखण्याचं सोंग काढलं होतं, ते निभावणं आलं. फादरनी त्याच्या पाठीसाठी सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेतली. संध्याकाळी फिंटन घोड्यांना चोळायच्या तेलाची बाटली घेऊन हजर. "हो पालथा," म्हणून त्यानं मॅलाकीची धडधाकट पाठ अशी रगडली की ती दुसऱ्या दिवशी खरोखरच दुखायला लागली. एवढ्यावर तो थांबला नाही. चुलीसाठी वर्षभराचं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापायचं राहिलं होतं. तेही त्यानं आठवडाभर राबून दलदलीतून कापून दिलं. सहाव्या दिवशी मॅलाकी काठी टेकत बघायला गेला.

"मेला कापतोही माझ्यापेक्षा सरळ," परत आल्यावर तो म्हणाला आणि त्या रात्री जेवला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी नेली अडली. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले आणि तिथंच थांबले. तासभर दोघांनी ओढून पाहिलं. गुरांचा डॉक्टर वीस मैलांवर, त्यात रस्त्यावर बर्फ.

"फिंटनला आण," ब्रीज म्हणाली.

"फिंटन नको."

"का नको?"

मॅलाकीनं वासराचे पाय धरून पुन्हा ओढायला सुरुवात केली.

"मॅलाकी, माझी गाय मरतेय."

तो गेला. गाय अडली म्हटल्यावर वैऱ्यानंही धावून यायचं, अशी आमच्याकडची रीत. फिंटन तर अर्धी दाढी तशीच ठेवून, एका गालावर साबण घेऊनच आला. त्यानं वासराच्या पायांना दोरी बांधली. बांधता बांधता हात थबकला.

"पाय पांढरे आहेत रे."

"चिखल असेल," मॅलाकी म्हणाला.

"पांढरा चिखल?"

"चौकशा मागाहून करा!" ब्रीज ओरडली. "ओढा आधी!"

नेलीनं कळ दिली की तिघांनी ओढायचं, ती थांबली की थांबायचं. शेवटी वासरू बाहेर आलं. सायीच्या रंगाचं, खोक्याएवढ्या डोक्याचं. ते शिंकलं. नेली धडपडत उठली आणि त्याला चाटू लागली. ब्रीज तिच्या मानेला मिठी मारून रडली.

फिंटननं वासराकडे पाहिलं, मग गडग्याकडे, मग मॅलाकीच्या पाठीकडे.

"तेल चांगलंच लागू पडलं म्हणायचं."

चहा झाला, त्यात व्हिस्कीही पडली. पण मॅलाकीच्या कानांची लाली जाईना. "बोलून टाक काय ते," तो म्हणाला.

"मागायचंस की रे. मी दिला नसता. तुझ्याच भल्यासाठी." फिंटननं कप खाली ठेवला. "त्या पांढऱ्यापायी गेल्या साली माझ्या दोन कालवडी गेल्या. मोठ्या गायींना तो ठीक, पण पहिलारूंपायी मी महिनाभर गोठ्यात झोपतो. आणि सकाळी बघावं तर तुझी गाय चरताचरता व्यालेली, काळं पिल्लू उड्या मारतंय! तू घरात गेलास की मी गडग्यापाशी येऊन बघत उभा राहतो. तीन वर्षं जळतोय नुसता." तो घुटमळला. "तुझा काळा वळू माझ्या कालवडींना मिळेल का?"

मॅलाकीच्या पोटात काहीतरी उबदार पसरलं. ती व्हिस्की नव्हती.

"विचार करून सांगतो," तो सावकाश म्हणाला.

फिंटन जाताच ब्रीज उसळली. "विचार कसला? त्यानं माझी गाय वाचवली! तुझं पीट कापलं!"

"देणार आहे गं, देणारच आहे. पण रविवारपर्यंत थांब. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यावर जळतंय."

आणि त्या कडाक्याच्या थंडीत खरारा घेऊन तो बाहेर गेला. काळ्या वळूला त्यानं फिंटनच्या खिडकीतून नीट दिसेल असा उभा केला, आणि अंधार पडेपर्यंत त्याचं अंग चकचकीत करत राहिला.