निंबाआप्पांचं भिंग

रविवारी दुपारी तीन वाजता सुरतेतल्या आमच्या नवागामच्या गल्लीत या. अर्ध्या फाडलेल्या जुन्या साडीत गुंडाळलेलं गेमिंग कन्सोल तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून एक धोतरवाले गृहस्थ रस्ता ओलांडताना दिसतील. रिक्षावाले थांबतात. एकदा एका नवीन रिक्षावाल्याने हॉर्न मारला, तर गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "हळू रे बाबा, आत मशीन शे!"

हे आमचे निंबाआप्पा, 'आहे'ला 'शे' म्हणणारे खानदेशी. ते माझ्याकडेच येत असतात. आले की पाय पुसतात, कन्सोलचा डबा टेबलावर ठेवतात आणि बंडीच्या खिशातून घडीचं पितळी भिंग काढतात. माझ्या मॉनिटरच्या काचेवर ते भिंग टेकवून, एक डोळा मिटून, हुकूम सोडतात, "चल डिझाइनर, दाणा दाखव."

दाणा म्हणजे पिक्सेल. दुनिया ज्याला फोर-के म्हणते त्याला आप्पा 'बारीक दाणा' म्हणतात.

ते भिंग काही गेम बघायचं नाही हो. कापडाच्या एका इंचात धागे किती ते मोजायचं आहे. पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये आप्पांची उभी हयात ग्रे चेकिंगमध्ये गेली. मागावरून उतरलेलं कोरं कापड म्हणजे ग्रे. उजेडाच्या टेबलावरून ते सरकत जातं, आणि चेकर उभ्या उभ्या चूक पकडतो. कुठे बाणा म्हणजे आडवा धागा सुटलाय, कुठे ताण्याची म्हणजे उभी तार तुटलीय, कुठे आडवा पट्टा पडलाय. निर्मळ निघालं तर 'फ्रेश', चूक निघाली तर 'सेकंड'. आप्पा रिटायर झाले, पण त्यांच्यातला चेकर काही रिटायर होईना. चहा फ्रेश किंवा सेकंड. गणपतीची आरती सेकंड. नगरसेवकाचं भाषण तर सेकंडच्या खाली काही नसतं म्हणून सेकंड. मी लग्न करून बायकोला पाया पडायला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, "सून फ्रेश आणली." मग माझ्याकडे बघितलं आणि निकाल न देताच बायकोला, सुमनकाकूंना, चहा टाकायला सांगितलं.

मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करतो, घरीच. त्यासाठी मोठा मॉनिटर आणि तगड्या ग्राफिक्स कार्डाचा पीसी घेतलाय. शेठलोकांना मी सांगतो की कार्ड कामासाठी आहे. बायकोला खरं काय ते माहीत आहे.

तर आप्पांचा रविवारचा उद्योग असा: त्यांचं कन्सोल आणि माझा पीसी, दोन्ही एकाच मॉनिटरला जोडायचे. दोन्हींवर तोच गेम, तीच जागा, तेच घोडेस्वाराचं पूल ओलांडणं. एक बटण दाबलं की कन्सोलचं चित्र, दुसरं दाबलं की पीसीचं. त्यासाठी मी एकच गेम दोनदा विकत घेतला, त्यावर बायको अजून अधूनमधून बोलते. आप्पा स्वतः कधी खेळत नाहीत, रिमोटला हातसुद्धा लावत नाहीत. घोडा मी हाकायचा, ते फक्त बघणार.

"थांब! मागे घे. पुलाच्या कठड्याला तार तुटली."

ह्याला गेमवाले टेअरिंग म्हणतात, चित्र मधूनच कापल्यासारखं सरकतं. मला ते कधी दिसलंच नव्हतं. घोडा धावताना क्षणभर अडखळला की आप्पा म्हणत, "बाणा सुटला." मी फ्रेम मोजायचा आकडा स्क्रीनवर लावून बघायचो, तर खरंच तिथे आकडा खाली आलेला असायचा! देवाशपथ सांगतो, मोबाइलवर तासतास तुलना करणारे ते व्हिडिओवाले बसवा आप्पांसमोर, पाणी भरतील.

कन्सोल बरं की पीसी, ह्या प्रश्नावर जगात पोरं एकमेकांना शिव्या घालतात. आप्पांनी ते तीन वाक्यांत निकाली काढलं होतं. "हा डबा मिलचा माल आहे. कापडाचा तागा कुठलाही उघड, सगळा सारखा, भानगड नाही. तुझ्या पीसीचं कपाट म्हणजे हातमाग, कारागीर हुशार असला तर ह्याच्याहून सरस, नाहीतर नुसता गुंता." एवढं बोलून ते माझ्याकडे असे बघायचे की कारागिराबद्दल त्यांचं मत काय ते मला समजायचं. खरं सांगायचं तर सेटिंगमध्ये मी रोज काहीतरी चाळे करायचो आणि सावल्या बिघडवून ठेवायचो. कन्सोल बिचारं निमूटपणे चालायचं.

आता थट्टा बाजूला ठेवून एक कबूल करतो. माझं पोट आज ज्यावर चालतं ते डोळे मला आप्पांनी दिले. एकदा गेम बघता बघता त्यांनी भिंग माझ्या एका साडीच्या डिझाइनवर ठेवलं. "ह्या कोयरीची कड तीन ठिकाणी तुटलीय. छापल्यावर शेठ तुझ्या तोंडावर मारील." मला राग आला होता. नीट मोठं करून पाहिलं, तर तीन ठिकाणी. मोजून. तेव्हापासून कुठलंही काम आप्पांनी बघितल्याशिवाय मी बाहेर पाठवलं नाही, आणि तेव्हापासून माझं काम परत आलं नाही. ह्या माणसाचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार आहे, देव जाणे.

पण निंबाआप्पा हे सगळं माझ्यासाठी करत नव्हते, आणि दाण्यासाठीही नव्हते.

त्यांचा एकुलता एक मुलगा योगेश पुण्यात गेम तपासायच्या नोकरीला लागला. आप्पांना कळलं ते एवढंच, की पोरगं दिवसभर गेम खेळतं आणि त्याचा पगार घेतं. मिलमध्ये लोक हसले. आप्पा भडकले, योगेशही त्यांचाच पोरगा, तोही भडकला. पुढे दोघांत जे काही बोलणं व्हायचं ते सुमनकाकूंच्या मार्फत. आप्पा रिटायर झाले तेव्हा योगेशने हे कन्सोल पाठवलं. महिनाभर ते खोक्यातच पडून होतं, वर काकू पापड वाळत घालायच्या.

एके दिवशी मी सहज म्हणालो, "आप्पा, योगेश खेळत नाही हो. बाजारात जायच्या आधी गेममधल्या चुका शोधतो, लिहून काढतो, मग ते लोक दुरुस्त करतात."

आप्पांचा चहाचा कप तोंडाजवळच थांबला. "म्हणजे, चेकर?"

"हो. चेकरच."

"मना पोऱ्या चेकर शे?" आप्पा उभेच राहिले. "मग गधड्याने आधी सांगायचं ना असं! हाई काय लपवायची गोष्ट शे?"

त्याच दिवशी पापड उतरले आणि खोकं उघडलं. पुढच्या रविवारी ठीक चार वाजता आप्पांनी माझ्या घरून, स्पीकर लावून, स्वतः पुण्याला फोन लावला. पहिलंच वाक्य, "लिहून घे. पुलाचा कठडा, डाव्या बाजूला, तार तुटली." पलीकडे पेन शोधल्याची खडखड ऐकू आली. मग योगेशचा आवाज आला, "हां आप्पा. लिहिलं. पुढे?"

तेव्हापासून दर रविवारी तीनला चेकिंग आणि चारला फोन. आप्पा चुका सांगायचे, योगेश लिहायचा, प्रश्न विचारायचा, आणि चुकांच्या अधेमधे खोलीचं भाडं, डब्यातली भाजी, ऑफिसातला साहेब असं सगळं यायचं. काकूही सोबत येऊन आमच्या स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायच्या. दोन दिवाळ्या योगेश घरी येऊन गेला, अगदी हसतखेळत.

मग यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या पीसीचा पंखा अडकला. आमच्या गल्लीत चहूकडे माग, हवेत सदा तंतू उडत असतात. दुरुस्तीवाला भाई पीसी उघडून म्हणाला, "आमां तो गोदडुं बनी गयुं छे!" खरंच आत गोधडी तयार झाली होती. त्याने सगळं साफ करून नवा पंखा बसवला, अगदी आवाज न करणारा.

त्या रविवारी आप्पा आले. मी पीसीवर गेम लावला. आप्पांनी भिंग टेकवलं, मान वाकडी केली, जरा वेळ कानोसा घेतल्यासारखे थांबले आणि म्हणाले, "आज दाणा जाड लावलास का रे? सेकंड."

"नाही आप्पा. मागच्या रविवारी होतं तेच आहे."

"मला शिकवतो का? जाड शे."

मी म्हटलं, म्हातारा आज सापडला! गंमत म्हणून गेम बंद केला आणि स्क्रीनवर माझं साडीचं डिझाइन आणलं, मोठमोठ्या पिवळ्या कोयऱ्या. विचारलं, "बरं, मग घोडा कसा दिसतोय?"

"घोडा झकास," आप्पा म्हणाले. "पण पुलाला पट्टा पडलाय."

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आप्पांनाही कळलं. त्यांनी हळूच भिंगाची घडी घातली.

"डोळ्यांनी दिसत नाही का, आप्पा?"

"धुकं शे. वर्षाहून जास्त झालं, वाढतच गेलं." आवाज अगदी खाली आला होता. "तुझ्या कपाटाचा जुना पंखा बारीक दाण्याला ओरडायचा, जाड दाण्याला गप बसायचा. त्यावरून सांगायचो. डिझाइनं तुझी जवळ धरून बघता यायची, तीही आता कठीण चाललीत."

"अहो मग डॉक्टरकडे चला ना! योगेशला सांगतो मी."

त्यांनी माझा हात धरला. कपडा धरायचा तसा, दोन बोटांत घट्ट. "योगेशला नको. डोळे गेलेल्या चेकरला कोण विचारतं रे? डॉक्टरने डोळे सुधारणार नाहीत म्हटलं, तर चुका बंद. चुका बंद झाल्या तर चारला फोन करून बोलू काय त्याच्याशी? 'जेवना का, जेवलास का' एवढंच? दोन मिनिटांत फोन खाली."

मी वचन दिलं, आणि संध्याकाळी मोडलं. त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

योगेशला फोनवर सगळं सांगितलं.

"दादा, एक सांगू? आप्पा तपासतात तो गेम आमच्या कंपनीचा नाहीच. कधीच नव्हता."

"मग तू लिहून काय घेतोस?"

"वही केलीय. आप्पांनी सांगितलेली प्रत्येक चूक त्यात आहे. रविवारी फोन ठेवला की मी तोच गेम लावून त्या जागी जातो. पहिल्या चुका एकूण एक खऱ्या निघाल्या, दादा. आमच्या टीमला दाखवल्या मी, लोक थक्क झाले. पण गेले चार-पाच महिने मी पुलावर जातो आणि तिथे पट्टाच नसतो. मला वाटलं, माझ्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून आप्पा चुका बनवताहेत. म्हणून मीही हो म्हणत गेलो." पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. "डोळ्यांचं माझ्या डोक्यातच नाही आलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुरतेत हजर. आप्पांनी मला गल्लीत सगळ्यांसमोर 'सेकंड माणूस' म्हटलं आणि आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकलाय, एवढे दिवस कशाला थांबलात? एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. माणूस ज्या गोष्टीला वर्षभर घाबरत होता ती चहा निवण्याच्या आत उरकली.

आणि मग रविवार आला. सुमनकाकूंनी माझ्याच घरी खिचडी आणि कढी करून सगळ्यांना वाढली. जेवणं आटोपली तसं योगेशने कन्सोल जोडलं, मी पीसी लावला. डॉक्टरने परवानगी दिलेली होती, तरी काकूंनी बजावलं, "जास्त ताणू नका हो." आप्पांनी काळा चष्मा काढला, बंडीतून भिंग काढलं, पुढे सरकले.

भिंग स्क्रीनपर्यंत गेलंच नाही. शेजारी बसलेल्या योगेशच्या कानशिलापाशी थांबलं.

"ह्या धवया केस कव्हय उनात रे तुले?"

योगेशने कानावर हात नेला. "पांढरे होय? झाली की दोन वर्षं, आप्पा."

दोन वर्षं. म्हणजे दोन्ही दिवाळ्यांना ते केस तिथेच होते. आप्पा एकेक केस बघत राहिले, मग कपाळ, मग डोळ्यांखालचं काळं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मीच मेला मधे तोंड घातलं, "आप्पा, स्क्रीन! निकाल द्या की."

"थांब रे डिझाइनर. आधी घरचा माल बघू दे."

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. आप्पांचा हात सवयीने खिशात गेला, फोन बाहेर आला, अंगठ्याने बटण दाबलं. आणि हातभर अंतरावर योगेशचा खिसा वाजायला लागला. बाप-लेकांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आता दोघे हसतील.

योगेशने फोन उचलून कानाला लावला. "हां आप्पा, बोला. काय चुका निघाल्या?"

"काही नाही," आप्पा फोनमध्ये म्हणाले. डोळे मात्र त्याच्याकडेच होते. "जेवना का?"

"हो आप्पा. तुमनासंगेच तं जेवनू."

फोन दोघांच्याही कानाला तसाच होता. कन्सोल जिंकलं की पीसी, ते त्या दिवशी राहूनच गेलं.