सुकाणूची दाढ

दातांच्या डॉक्टरांना जगात दोनच गोष्टी खपत नसत: हलणारी दाढ आणि जिंकणारा साडू. शर्यत तोंडावर आली आणि त्यांच्या शिडाच्या बोटीचं सुकाणू नेमकं हलत्या दाढेसारखं खडखडू लागलं. सुकाणूचा दांडा ज्या प्लास्टिकच्या बेअरिंगमध्ये फिरतो, ते झिजलं होतं.

बायकोने आधीच बजावलं होतं, "वर्षानुवर्षं सोफ्यावर शीड बसतंय आणि मी स्टुलावर. यंदा साडूंच्या पुढे आलात तर ठीक, नाहीतर बोट विकायची."

बोट किनाऱ्यावर टेकणांवर चढवून डॉक्टरांनी नवं बेअरिंग काढलं. बायको खोक्यावरचं वाचत होती. "अहो, थोडी फट ठेवा म्हणतायत. प्लास्टिक पाण्यात फुगतं."

"फट ठेवायला मी काय सुतार आहे?" म्हणत डॉक्टर दात भरायचं सिमेंट घेऊन बोटीखाली शिरले. केसही आत जाणार नाही असं त्यांनी ते बेअरिंग ठासून बसवलं.

तेवढ्यात साडू आले. विम्याचे एजंट, त्यामुळे जीभ तुपात घोळलेली. सुकाणू हलवून पाहत म्हणाले, "वा डॉक्टर! हात आहे की काय! माझंही खडखडतंय हो."

शहाण्याने पाठ फिरवली असती. पण कौतुक ऐकलं की डॉक्टरांचं लोणी व्हायचं. त्यांनी साडूंच्या बोटीचीही दाढ भरून दिली. संध्याकाळी दोन्ही बोटी पाण्यात उतरल्या आणि रात्रभर दोन्ही बेअरिंगं निवांत फुगत राहिली.

सकाळी सुकाणू जरा जड लागलं. "पक्कं बसलंय," डॉक्टर खुशीत म्हणाले. शर्यत सुटताच दोन्ही बोटी सगळ्यांच्या पुढे सुसाट निघाल्या. वळायची खूण आली. डॉक्टरांनी सुकाणूचा दांडा ओढला, मग पाय लावून ओढला. सुकाणू ढिम्म. बोट खूण सोडून सरळ चालू लागली. मागून साडू ओरडले, "डॉक्टर, माझं वळेना!"

"माझं तरी कुठे वळतंय!"

शेवटी शिडं उतरवून दोघे भर पाण्यात डुलत बसले. मदतीची मोटरबोट आली. त्यात डॉक्टरांची बायको आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे साडूंची बायको.

"आधी मला बांध!" डॉक्टर ओरडले.

"छे, मला!" साडू त्याहून मोठ्याने ओरडले. "मागे राहिलो तर ही माझी बोट विकायला लावणार आहे!"

म्हणजे अट दोन्ही घरांत एकच होती. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक बोट मोटरबोटीच्या डाव्या अंगाला बांधली, दुसरी उजव्या अंगाला, आणि दोन्हींची नाकं अगदी एका रेषेत आणली.

धक्क्याला लागताच धाकटी म्हणाली, "ताई, पुढे कोणीच आलं नाही गं."

"नाहीच आलं," बायको म्हणाली आणि डॉक्टरांकडे वळली. "बोट विकायच्या जाहिरातीत एवढं मात्र लिहा हं, सुकाणू अजिबात हलत नाही."