सासूबाई आणि शत्रूचं धोबीखातं

वेषांतर म्हणजे माझ्या हातचा मळ! टीव्हीवरच्या एका विनोदी युद्धमालिकेत मी शत्रूचा शिपाई आहे. आजवर नुसता मागे उभा राहायचो, नाहीतर गोळी लागून पडायचो. त्यामुळे सासूबाईंचं ठाम मत, की जावई नट-बिट काही नाही, तिथे खुर्च्या उचलतो. आणि हे मत त्या सगळ्या नातेवाइकांत वाटत फिरायच्या!

शेवटी एका भागात मला वाक्य मिळालं. अख्खं एक वाक्य! ठरवलं, सासूबाईंना समोर उभं करूनच म्हणायचं. पण बाहेरच्यांना सेटवर सक्त मज्जाव. कोणी सापडलं, तर आणणाऱ्याला नारळ!

मात्र पोशाखातल्या माणसाला रखवालदार हटकत नाही. त्या भागात आमचा नायक, म्हणजे हेर, धोबीण बनून शत्रूच्या छावणीत शिरतो. सेटवर धोबिणींचा नुसता सुळसुळाट! मी कपडेपटातून एक झगा आणि तोंड झाकायचा रुमाल लांबवला, आणि सासूबाईंना धोबीण करून आत घुसवलं.

"जावईबापू, हा झगा टोचतोय हो!"

"आई, हळू! इथे कोपऱ्यात उभ्या राहा. आणि काही झालं तरी माझं नाव सांगू नका. नोकरी जाईल!"

"मी कशाला सांगतेय? तुम्ही आधी तोंड उघडून दाखवा!"

दिग्दर्शकांनी मला बजावलं, "टोपलीवर वाकलेली धोबीण म्हणजे हेर. तिलाच धरायचं!" मी मान हलवली. वाक्य पुटपुटत येरझाऱ्या घातल्या, पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला.

इकडे सासूबाईंच्या हातांना चैन नाही. टोपलीत ओल्या कपड्यांचे बोळे! ते काही त्यांना बघवेना. गेल्या तरातरा, आणि वाकून एकेक कपडा झटकायला लागल्या. बिचारा नायक जागा गेली म्हणून झगा सावरत बाजूला उभा!

"ॲक्शन!"

मी झेपावलो, वाकलेल्या धोबिणीचा दंड धरला आणि गरजलो, "थांब! तुझं सोंग मी ओळखलंय!"

"ओळखणारच! तुम्हीच दिलंय ना मला हे सोंग! आणि वर अगंतुगं करता?"

फाट्! हातातली ओली विजार माझ्या तोंडावर! मी टोपलीत. टोपली माझ्यावर. वर आणखी दोन फटके!

रखवालदार धावत आला. "बाई, तुम्हाला आत कोणी आणलं?"

सासूबाईंनी रुमाल भिरकावला आणि छाती पुढे काढली. "जीव गेला तरी जावयाचं नाव सांगणार नाही!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीतच राहिलो. संपलं! आता घरी बसायचं, तेही यांच्यासमोर!

पण दिग्दर्शक पोट धरून हसत होते. "बाई, उद्यापासून येत जा! शत्रूची मुख्य धोबीण तुम्हीच!"

"आणि माझं वाक्य?" मी टोपलीतून विचारलं.

"ते कापू. पण मार काय सुरेख खाल्लास रे! तो ठेवतो. दर भागात ठेवतो!"

आता सासूबाई मला नट मानतात, खोटं कशाला बोलू? परवाच शेजारणीला अभिमानाने सांगत होत्या, "आमचे जावई टीव्हीवर असतात ना! मी बडवते, ते बडवून घेतात. शिकतील हळूहळू!"