मोहाच्या शेंड्यावरचा डॉक्टर

एका जंगलात मोबाईलची रेंज फक्त एकाच ठिकाणी यायची. मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर. आणि त्याच झाडाच्या बुंध्याशी एक खळगा होता. चैत्र आला की मोहाची फुलं टपटप त्या खळग्यात पडत. पडून कुजत. कुजून त्यांची दारू होई.

म्हणजे वर रेंज आणि खाली दारू. हे लक्षात ठेवा, मुलांनो, पुढे लागणार आहे. आणि असा खळगा दिसला तर लांबूनच बघायचा. हात घालायचा नाही. कोणी घातला असेल तर आधी धुऊन या, मग गोष्ट ऐका.

आलात? बसा.

तर त्या जंगलात झिपरू नावाचं अस्वल राहायचं. स्वभावाने गरीब. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. दिवसभर वाळवी खायची, संध्याकाळी बायकोला मध आणायचा. फक्त चैत्र लागला की झिपरू खळग्याकडे वळायचा, आणि मग तो झिपरू राहायचा नाही. झाडांना नमस्कार करायचा. दगडांची समजूत काढायचा. एकदा तर त्याने नदीला सांगितलं की तू पुढे हो, मी आलोच.

त्याच्या बायकोचं नाव गोमी. त्यांना एक पिल्लू होतं, गुंडू. गुंडू अजून आईबापाच्या पाठीवर बसून फिरायच्या वयाचा होता.

एके दिवशी गोमी म्हणाली, "अहो, आज गुंडूला तुम्ही फिरवून आणा. माझी पाठ आखडली आहे."

झिपरू गुंडूला पाठीवर घेऊन गेला आणि तिन्हीसांजेला डुलत डुलत परत आला. पाठीवर पोर होतं. झिपरूने ते अलगद खाली ठेवलं.

गोमीने बघितलं. मग जवळ येऊन बघितलं.

"अहो, हे कोणाचं?"

"आपलंच."

"आपल्यात शेपटी कोणाला आहे?"

झिपरू विचारात पडला. "तुझ्या माहेरी असेल कोणाला," तो म्हणाला.

ते वानराचं पोर होतं. बिचारं घाबरून गप्प बसलं होतं. आणि गुंडू? गुंडू एका वारुळात डोकं घालून अडकला होता. गोमी रानभर हाका मारत फिरली तेव्हा वारुळातून बारीकसा आवाज आला. सापडला बरं का, मुलांनो, सुखरूप सापडला. मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला घोर लागेल. मलाच लागतो.

गोमीने गुंडूला पोटाशी धरलं आणि नवऱ्याला सांगितलं, "मोहाचं शेवटचं फूल पडेपर्यंत मी थांबते. तोवर तुमची सुटली तर ठीक. नाहीतर मी गुंडूला घेऊन डोंगरापलीकडे माहेरी जाते. मग बसा दगडांची समजूत काढत."

झिपरूची उतरली. पण उतरली म्हणजे सुटली असं नाही.

दुसऱ्या दिवशी हुपाजी वानर आपलं पोर न्यायला आला. तो भांडायलाच आला होता. पण झिपरूचं तोंड बघून त्याला दया आली.

"झिपरूभाऊ, डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला.

"इथे कुठला डॉक्टर?"

"इथे नाही. लांब समुद्राकाठी एक कासव आहे. मोबाईलवरून मनाचे आजार बरे करतं. माझ्याकडे मोबाईल आहे."

"कुठून आणलास?"

"ते सोडा. रेंज शेंड्यावर येते. चढा."

झिपरू मोहाच्या झाडावर चढला. शेंडा वाकला. हुपाजीने मोबाईल समोर धरला. स्क्रीनवर कासव आलं.

"बोला," कासव सावकाश म्हणालं. "कसं वाटतंय?"

एवढं बोलून त्याने मान आत घेतली. स्क्रीनवर नुसती पाठ राहिली.

झिपरू वाट बघत बसला. पाठ हलेना.

"हुपाजी, अडकलं का रे?"

"अडकलं की मध्ये गोल फिरतं. गोल फिरत नाही."

"मग?"

"विचार करत असेल."

नुसती पाठ किती वेळ बघणार? झिपरूला अवघडल्यासारखं झालं, म्हणून तोच बोलायला लागला. म्हणाला, मला खरं तर त्या फुलांची चवही आवडत नाही आता. पण खळगा दिसला की पाय आपोआप वळतात. पिऊन घरी गेलो की बायको काही बोलत नाही, पोराला माझ्यापासून जरा लांब सरकवते. ते सरकवणं बघवत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत पितो.

बोलता बोलता त्याला रडू आलं. तेव्हा कासवाची मान बाहेर आली.

"छान," कासव म्हणालं. "आज इथे थांबू."

झिपरूला एकदम हलकं वाटलं. तो आनंदाने खाली उतरला. आणि खाली काय होतं, मुलांनो?

बरोबर. पहिलाच पाय खळग्यात.

तो गाणं म्हणत घरी आला. गोमी दारात उभी होती.

"डॉक्टरकडे गेला होतात ना?"

"तिथूनच येतोय," झिपरू म्हणाला. खोटं नव्हतं ते.

पुढच्या वेळी झिपरूने कासवाला सगळं सांगितलं. कासवाने मान आत घेतली, बाहेर काढली आणि ते म्हणालं, "तुम्ही एकटे आहात. तुमच्यासारखेच जे आहेत, त्यांच्यात बसा. एकमेकांना आधार द्या."

झिपरूने मंडळ काढलं. तरस आला, कोल्हा आला, रानडुक्कर सहकुटुंब आलं. आता सगळ्यांना सोयीची जागा कोणती? सगळ्यांच्या पायाखालची वाट एकाच ठिकाणी जात होती. मंडळ खळग्याभोवती बसलं. प्रत्येकाने आपलं दुःख सांगितलं. इतकं दुःख ऐकून सगळ्यांचा घसा कोरडा पडला. मग त्यांनी तो ओला केला, आणि सांगितल्याप्रमाणे एकमेकांना आधार देत देत सगळे घरी गेले. आधार नसता तर एकही घरी पोचला नसता.

गोमीने गुंडूचं अंथरूण गुंडाळायला घेतलं.

झाडावरची फुलं कमी होत चालली होती. झिपरू घाबरला. पुन्हा शेंड्यावर गेला आणि या वेळी कासवाच्या पाठीवर ओरडला, "डॉक्टर, मान आत घेऊ नका. माझं घर चाललंय."

कासव दचकलं. दचकल्यामुळे मान आत गेली ती बराच वेळ आली नाही. पण आली तेव्हा कामाचं बोललं.

"एकच सोबती निवडा. जो तुमच्यासारखा पीत होता आणि ज्याने सोडली आहे. तुम्ही माझ्याशी बोलाल तेव्हा त्याला खाली बसवा. आणि प्यावंसं वाटलं की त्याला मिठी मारा. वाटणं जाईपर्यंत सोडू नका."

सोबती कोण आहे, हे काही कासवाने विचारलं नाही.

पूर्ण जंगलात सोडलेलं एकच जनावर होतं. सायाळमावशी. अंगभर काटे असतात ना, ती सायाळ. एका चैत्रात मावशी इतकी प्याली की आपल्या बिळात उलटी शिरली. काटे उलटे मातीत रुतले. ना आत, ना बाहेर. येणारे जाणारे तिच्या तोंडाकडे बघून नमस्कार करून जात, कारण त्यांना वाटे मावशी दारात बसली आहे. सुटका झाली तेव्हापासून तिने खळग्याकडे बघितलं नव्हतं.

झिपरू तिच्या दाराशी गेला. "मावशी, मला तुला मिठी मारायची आहे. डॉक्टरने सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरने?"

"समुद्राकाठचं कासव आहे."

"त्याने मला बघितलंय का?"

"नाही."

"मग बरोबर," मावशी म्हणाली.

पण ती आली. खळग्याच्या काठावर बसली. झिपरू वर बोलून खाली उतरला, मोहाचा वास नाकात गेला, पाय वळले, आणि त्याने डोळे मिटून मावशीकडे हात पसरले. एवढं मोठं अस्वल अंगावर येतंय म्हटल्यावर मावशीने काय करावं? तिच्या जातीत करतात तेच केलं. पाठ फिरवली आणि काटे उभे केले.

झिपरूने मिठी मारली.

त्याची हाक दोन डोंगर पलीकडे गेली. पण प्यावंसं वाटणं गेलं. जागच्या जागी गेलं.

संध्याकाळी झिपरू घरी आला. छातीवर काटे, पोटावर काटे, एक नाकावर. तोल मात्र शाबूत होता. गोमीने त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. तिने त्याला आडवं केलं आणि दातांनी एकेक काटा उपसायला बसली. अस्वलांना मुळात वरचे पुढचे दोन दात कमीच असतात, त्यामुळे तिला मान वाकडी करून बाजूच्या दाढांनी ओढावं लागे.

"हळू गं," झिपरू म्हणे.

"हलू नका," गोमी म्हणे. काटा तोंडात असल्यामुळे यापेक्षा जास्त तिला बोलता येत नसे.

असं रोज व्हायला लागलं. वर कासव मान आत घ्यायचं, झिपरू मन मोकळं करायचा, खाली मावशी काटे उभे करायची, आणि घरी गोमी ते उपसायची. हळूहळू झिपरूला मिठी रोज लागेना. नुसती मावशी दिसली तरी पाय जागच्या जागी थांबत. मग दोघं खळग्याला पाठ करून बसत आणि गप्पा मारत.

"तू का प्यायचीस गं, मावशी?" झिपरूने एकदा विचारलं.

"जवळ कोण येतंय माझ्या," मावशी म्हणाली. "खळगा तेवढा पाठ फिरवून जायचा नाही."

मोहाची शेवटची फुलं राहिली. त्या दिवशी झिपरू आंघोळ करून, केस चाटून गुंडूसमोर बसला. म्हणाला, "चल बाळा, पाठीवर ये. फिरून येऊ."

गुंडू आईच्या मागे गेला. "नको. बाबा विसरतात."

गोमी म्हणाली, "अरे, आता नाही विसरायचे." पण गुंडू येईना.

झिपरू उठला आणि चालायला लागला. कुठे, ते त्याच्या पायांना माहीत होतं. खळग्यात त्या वर्षाचा शेवटचा, सगळ्यात जुना, सगळ्यात कडक रस साठला होता. काठावर मावशी होती.

"मावशी," झिपरू म्हणाला, "पाठ फिरव. आज जोरात लागणार आहे."

तो हात पसरून पुढे झाला. पण या वेळी मावशीने पाठ फिरवली नाही. कशी फिरवणार? आता तिला त्याची भीतीच वाटत नव्हती. झिपरूने तिला पोटाशी घट्ट धरलं आणि काटे टोचायची वाट बघत राहिला. सायाळीचं पोट मऊ असतं, मुलांनो. एक काटा नाही.

"मावशी, टोचत नाही गं."

"हो ना."

"मग मी काय करू? मला प्यावंसं वाटतंय."

"जा, पी."

"तू सोडलंस तर जाईन ना."

"मी कशाला सोडू?" मावशी त्याच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली. "मला जन्मात पहिल्यांदा कोणी समोरून मिठी मारली आहे. मला पुरेशी होऊ दे. मग जा."

झिपरू थांबला. मावशीला लवकर पुरेशी होईना. ऊन उतरलं. एक हरीण आलं, इकडेतिकडे बघून त्याने खळगा चाटूनपुसून साफ केला आणि तिरकं तिरकं चालत निघून गेलं. दोघांना पत्ताही लागला नाही.

वारुळामागून मात्र गुंडू सगळं बघत होता. बाबा कुठे जातात ते बघायला तो मागोमाग आला होता. एकटा, आईला न सांगता. असं कधी करायचं नाही हं. बघून बघून तो कंटाळला, हळूच येऊन बापाच्या पाठीवर चढला आणि झोपून गेला.

घरी गोमी दारात उभी होती. गुंडू कुठे दिसेना म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. झिपरू सरळ चालत आला आणि त्याने पाठीवरचं पोर अलगद खाली ठेवलं.

गोमीने आधी शेपटी चाचपली. नव्हती.

मग ती अंथरूण परत पसरायला आत गेली.

ही बातमी जंगलभर झाली. वाघाने सभा घेतली. कासव मोबाईलवरून बोललं. म्हणालं की लांबून उपचार आणि जवळून सोबत यांचा असा संगम मी आधीच मनात धरला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ते खरंच अडकलं आणि मध्ये गोल फिरायला लागलं, पण लोकांना वाटलं विचार करतंय, म्हणून सभा तशीच बसून राहिली. मावशीला लांबून हार टाकण्यात आला. तरसालाही सोडायची होती, पण दुसरी सायाळ मिळेना, म्हणून तो निवडुंगाला मिठी मारून आला आणि त्याचंही कौतुक झालं.

गोमी सभेला आली नव्हती. तिच्या दाढा ठणकत होत्या. वाघाने विचारलं, झिपरूची बायको कुठे आहे? तेव्हा कोल्हा म्हणाला, "ती घरीच असते. तिला यातलं काही कळत नाही."

तात्पर्य : दात रोज सकाळ-संध्याकाळ घासावेत. कोणाचं व्यसन कोण सोडवेल ते सांगता येत नाही, पण काटे उपसायला आपल्यालाच बोलावतील.